भुलीत ऐकलेली गोष्ट

‘‘डॉक्टर, तुमच्या घरच्या कूलरची मोटर झाली का दुरुस्त?’’

१९९१ सालचा मे महिना होता. नागपूरचं ऊन कसं असतं ते मी नागपूरकरांना सांगायला नको. दुसऱ्या लेकीला जन्म देऊन मला जेमतेम एक दिवस झाला होता. सकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना मी आपली सहज हा प्रश्न विचारला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. ‘‘तुम्हाला कोणी सांगितलं?’’ ते म्हणाले.

‘‘तुम्हीच तर सांगत होता. मोटर जळाली, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून.’’

ते काही बोलले नाहीत. केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. कारण ते हे बोलले होते खरं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये. माझं पोट उघडं असताना. मला पूर्ण भूल दिलेली असताना!

थोरलीच्या वेळी सगळं सुरळीत झालं होतं. धाकटीच्या वेळी मात्र ऐनवेळी बाळाचे ठोके मंदावले. धावपळ झाली, ह्यांच्या सह्या घेतल्या आणि मला आत नेलं. हातात सुई टोचली, नाकावर मास्क आला आणि सगळं विझलं. मग किती वेळ गेला कोण जाणे, काहीतरी धातूचं फरशीवर पडल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ माणसांचे आवाज. कूलरची मोटर. पोटात कुणीतरी गाठोडं बांधल्यासारखी ओढाताण करत होतं. दुखत होतं असं म्हणता येणार नाही, पण कळत होतं. मी ओरडायचा प्रयत्न केला, तर ओठ हलेनात. बोट हलवून पाहिलं, तर बोट माझं नव्हतंच जणू. मला वाटलं, मी मेले. मेल्यावर असंच असतं, नुसतं ऐकू येतं.

आणि मग एका बाईचा आवाज आला. ‘‘पोट्टीच आहे. पहिली पण पोट्टीच ना हिची? बाहेर सासू बसून आहे, तिले कोण सांगणार?’’

त्यानंतरचं काही आठवत नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ‘‘अगं, भुलीत स्वप्नं पडतात,’’ हे म्हणाले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘बाळंतिणीनं असलं काही मनात आणू नये.’’ टाके काढायला गेले तेव्हा दवाखान्यातही विषय काढला. ‘‘भूल बरोबर दिली होती बाई, तुम्हाला भास झाला असेल,’’ असं हसत हसत उत्तर मिळालं. कूलरच्या मोटरचं मी तिथे बोललेच नाही. त्या बिचाऱ्या डॉक्टरांना कशाला अडचणीत आणा!

पण मैत्रिणींनो, ती गोष्ट गेली नाही. रात्री झोप लागता लागता अंग जड झालं की मी दचकून उठायची. दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची मागे झुकवली की घाम फुटायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य. ‘बाहेर सासू बसून आहे...’ सासूबाई कधी गप्प बसल्या, धाकटीला दूध देताना कधी कपाळाला आठी पडली, की मला ते वाक्य ऐकू यायचं. त्या तोंडानं कधी एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. पण मी तो शब्द त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. एक-दोन नाही, जवळजवळ वीस वर्षं!

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझं पित्ताशयाचं ऑपरेशन. डिसेंबर २०२४ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, खडे आहेत, पित्ताशय काढावं लागेल. दुर्बिणीचं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. मुली म्हणाल्या, ‘‘आई, काहीच नाही गं ते.’’ मला मात्र ऑपरेशनची भीती नव्हतीच. मी विचारलं, ‘‘भूल कोणती?’’ उत्तर आलं, पूर्ण. माझे हातपाय गार पडले.

आपल्याकडे ज्याला ‘फिटनेस’ म्हणतात त्या तपासणीसाठी भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. हिवाळी अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, त्यामुळे पोहोचायला उशीर झालेला. मनात म्हटलं, आता ह्या बाई बीपी बघतील, सही करतील आणि मोकळ्या होतील. पण त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारता विचारता विचारलं, ‘‘काकू, याआधी कधी भूल घेतली होती? तेव्हा काही त्रास? काही ऐकू आलेलं, आठवलेलं?’’

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न विचारला होता. मी बोलायला लागले आणि मध्येच रडायलाच लागले. धाकटी शेजारी बसली होती. तिच्या जन्माची ही गोष्ट तिनंही पहिल्यांदाच ऐकली. डॉक्टरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘‘काकू, तुम्हाला स्वप्न पडलेलं नव्हतं. याला नाव आहे, यावर अभ्यास झालेला आहे आणि तुमची केस त्यात अगदी बसते.’’

तेवढ्या एका वाक्यानं मला काय वाटलं ते शब्दांत नाही सांगता येणार.

मग त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते तुम्हाला सांगते. पूर्ण भूल म्हणजे एक औषध नसतं. त्यात चार कामं असतात. जाणीव घालवायची, आठवण बनू द्यायची नाही, वेदना थांबवायच्या आणि स्नायू सैल करायचे. वेगवेगळ्या औषधांनी ही कामं होतात. गोम आहे ती चौथ्या औषधात.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर दिलं आणि भुलीतलं पहिलं गाजलेलं ऑपरेशन झालं. गिल्बर्ट ॲबट नावाच्या त्या रुग्णानं शुद्धीवर आल्यावर सांगितलं, दुखलं नाही, पण मानेवर काहीतरी खरवडल्यासारखं कळलं. म्हणजे भुलीच्या पहिल्याच गाजलेल्या प्रयोगात रुग्णाला थोडं आठवत होतं! पण त्या काळी निदान एक होतं. ईथर किंवा क्लोरोफॉर्म कमी पडलं तर माणूस हात झटकायचा, कण्हायचा. डॉक्टरांना कळायचं.

१९४२ साली कॅनडातल्या माँट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ या डॉक्टरांनी भुलीसोबत क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाच्या टोकाला जे विष लावायचे तेच हे, शुद्ध करून घेतलेलं. त्यानं स्नायू सैल पडतात. पोटाच्या, छातीच्या मोठ्या शस्त्रक्रिया त्यामुळेच सोप्या झाल्या, लाखो जीव वाचले. पण हे औषध मेंदूला झोपवत नाही, नुसतं शरीर बांधून ठेवतं. म्हणजे झोपेचं औषध कमी पडलं तर आत माणूस जागा, आणि बाहेरून बघणाऱ्याला शांत झोपलेला! माझं बोट माझं का नव्हतं, ते मला तेहतीस वर्षांनी कळलं.

आणि सिझेरियनच का? कारण तिथे दोन जीव असतात. आईला दिलेलं औषध नाळेतून बाळाकडे जातं, म्हणून हात राखून द्यावं लागतं. त्यात घाई. सुईतून दिलेल्या औषधाचा असर काही मिनिटांत ओसरू लागतो आणि वायूची भूल तोवर पुरती चढलेली नसते. त्या मधल्या फटीत मी सापडले होते. कुणाचा निष्काळजीपणा होता असंही नाही. माझं बाळ जिवंत हाती द्यायचं म्हणून ती घाई होती, हे मी आज मोकळ्या मनानं मान्य करते.

हे किती जणींना होतं? इंग्लंड-आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी यावर एक मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २०१४ साली आला. ज्यांनी आपणहून तक्रार सांगितली त्यांची मोजदाद केली, तर साधारण १९ हजार भुलींमागे एक असं प्रमाण निघालं. म्हणजे फारच कमी. पण पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये हेच प्रमाण ६७० मागे एक होतं! पुढे २०२१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी बाळंतपणाशी संबंधित ऑपरेशन झालेल्या ३,११५ बायकांना स्वतःहून, पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा सिझेरियनचं प्रमाण २१२ मागे एक निघालं.

आता बघा गंमत. सांगेल तिचंच मोजलं तेव्हा एक आकडा. प्रत्येकीला विचारलं तेव्हा तिप्पट. मधल्या बायका कुठे होत्या? माझ्यासारख्या घरी बसून, ‘भास झाला असेल’ म्हणून गप्प. त्या २०१४ च्या अहवालात तर एक रुग्ण असा आहे, ज्यानं झाल्या प्रसंगानंतर तब्बल ६२ वर्षांनी तोंड उघडलं. मी तेहतीसच वर्षं घेतली!

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आजकाल बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात. त्यात कमरेखालचा भाग बधिर असतो आणि बाई जागी असते. तिथे बोललेलं ऐकू येणारच, बाळाचं पहिलं रडणंही ऐकू येतं. तो दोष नाही, ती तर मजा आहे. मी सांगतेय ते पूर्ण भुलीतल्या ऐकण्याबद्दल.

मला सगळ्यात नवल वाटलं ते आठवणीचं. आपण समजतो, जागं असलं तर आठवतं आणि झोपलं तर नाही. तसं नसतं म्हणे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव. आत्ता घडलेलं उद्या आठवावं म्हणून जपून ठेवायचं काम त्याचं. भुलीची औषधं हे काम फार लवकर बंद पाडतात, जाणीव पुरती जाण्याच्याही आधी. तुमच्यापैकी कुणी एंडोस्कोपी केली असेल तर आठवा. एक इंजेक्शन देतात, तुम्ही डॉक्टरांशी बोलता, कुशीवर वळा म्हटलं की वळता, आणि नंतर म्हणता, ‘झालं पण? मला तर काहीच आठवत नाही!’ जाग होती, पण आठवण बनली नाही.

१९७७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टनस्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञांनी सिझेरियनच्या बायकांसाठी एक साधी युक्ती काढली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका दंडाला बीपीचा पट्टा घट्ट आवळायचा. औषध त्या हातात उतरत नाही. मग भुलीतल्या बाईला कानाशी विचारायचं, ‘ऐकू येतंय का? हात दाबा.’ हीच युक्ती वापरून २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या ३३८ तरुण रुग्णांना विचारलं गेलं. ३७ जणांनी हात दाबून उत्तर दिलं! पुरुषांमध्ये शंभरात सहा, बायकांमध्ये शंभरात तेरा. म्हणजे आपण बायका दुपटीनं जाग्या. (सवय हो, दुसरं काय! घरात कोण खोकलं, दूध उतू गेलं का, झोपेतही आपलेच कान टवकारलेले.) गमतीचा भाग सोडा, पण त्यांपैकी बहुतेकांना नंतर यातलं काहीच आठवलं नाही.

मग जे आठवत नाही ते खरंच पुसलं जातं का? इथे शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या लेव्हिन्सन या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. दाताच्या ऑपरेशनसाठी गाढ भूल दिलेल्या दहा रुग्णांसमोर त्यांनी मुद्दाम नाटक केलं. ‘थांबा, रुग्णाचे ओठ निळे पडलेत, प्राणवायू द्यायला हवा’ अशा अर्थाचं भूलतज्ज्ञानं घाबऱ्या आवाजात म्हणायचं. शुद्धीवर आल्यावर कुणालाच काही आठवेना. पण महिन्यानं संमोहनाखाली विचारलं, तर चौघांनी ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे सांगितले आणि आणखी चौघं त्या क्षणाशी येऊन अस्वस्थ झाले. आज कुणी असा प्रयोग करू देणार नाही, आणि करूही नये. नंतरच्या अभ्यासांत इतकं स्पष्ट काही हाती लागलं नाही. भूल जितकी गाढ, तितकी अशी लपलेली आठवण कमी, एवढं मात्र दिसून आलं.

दुसऱ्या बाजूचाही एक अभ्यास आहे आणि तो मला फार आवडला. २०२० च्या शेवटी जर्मनीतल्या पाच रुग्णालयांचा अहवाल आला. ३८५ रुग्ण. भूल दिल्यावर निम्म्यांच्या कानात इअरफोन लावले आणि त्यावर मंद संगीत आणि धीराचे शब्द ऐकवले. सगळं नीट चाललंय, तुम्ही सुरक्षित आहात, या अर्थाचे. उरलेल्यांना इअरफोन लावले, पण आवाज बंद. धीराचे शब्द ज्यांच्या कानांवर पडले त्यांना पहिल्या चोवीस तासांत वेदनाशामक अफूवर्गीय औषधं सुमारे एक तृतीयांश कमी लागली. त्यांना आठवत काहीच नव्हतं. पण कुठेतरी ते पोहोचलं होतं.

वाचताना माझ्या मनात आलं, चांगले शब्द पोहोचतात, तर ‘पोट्टीच आहे, तिले कोण सांगणार’ हेही पोहोचत असणार. आणि आपल्या विदर्भात, आपल्या महाराष्ट्रात, असं वाक्य किती जणींच्या कानांवर पडलं असेल? कितींना ते आठवतही नसेल, पण लेकीला पहिल्यांदा छातीशी धरताना उगाच डोळे भरून आले असतील?

भूलतज्ज्ञ मॅडमनी बोलता बोलता आणखी एक सांगितलं. ‘‘काकू, अशा वेळची आठवण खरी असते, पण तुकडा असतो. मागचं-पुढचं नसतं. मन मग ते स्वतःच भरून काढतं.’’ मी गप्पच झाले. कारण माझ्या तुकड्याचं पुढचं मला कळलेलं होतं, पण फार उशिरा.

२०१० च्या सुमारास सासूबाई आजारी होत्या. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. कशावरून तरी धाकटीच्या जन्माचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, ‘‘काय सांगू तुला, ती सिस्टर असं तोंड पाडून बाहेर आली, मला वाटलं तुझंच काही बरं-वाईट झालं. माझे तर पायच गळाले. मग म्हणते, आजी, मुलगी झाली. मी म्हटलं, अगं भवाने, मग तोंड कशाला पाडून राहिली? सून कशी आहे ते सांग आधी!’’

माझा हात थांबला. वीस वर्षं जे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, ते तिथे कधी नव्हतंच. ते त्या सिस्टरच्या मनात होतं. मी सासूबाईंना खरं काय ते सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. निदान माफी तरी मागता आली असती.

असो. माझ्या ऑपरेशनचं सांगते. मॅडमनी माझ्या कागदावर लाल अक्षरात लिहिलं, ‘आधीच्या भुलीत जाग’. मला सगळं आधी समजावलं. श्वासातल्या वायूचं प्रमाण यंत्रावर सतत दिसतं, ते ठरल्यापेक्षा खाली गेलं की घंटी वाजते. कपाळावर एक पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरींचा आकडा बघता येतो. शंभर म्हणजे टक्क जागं, चाळीस ते साठच्या दरम्यान हवी तशी भूल. ‘‘हे यंत्र म्हणजे जादू नाही हं,’’ असंही त्यांनी सांगून टाकलं. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा चांगला उपयोग दिसला होता. पण नंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत, वायूचं प्रमाण नीट राखलं तरी तेवढंच साधतं असं आढळलं. शेवटी लक्ष देणारं माणूस महत्त्वाचं.

लक्ष देणाऱ्या माणसावरून त्यांनी मला रूपाबाई फर्दुनजींची गोष्ट सांगितली. हैदराबादच्या पारशी. तेव्हाच्या निजामाच्या राज्यात आपला मराठवाडाही होता, म्हणजे तशा शेजारच्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये एडवर्ड लॉरी या डॉक्टरांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाल्या. १९०९ साली पुढच्या शिक्षणासाठी एडिंबरोलाही गेल्या. जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. सर्जनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं हो, पण डोक्याशी बसून प्रत्येक श्वास मोजणाऱ्या माणसाचं नाव आपण विचारतच नाही. मीही १९९१ साली विचारलं नव्हतं.

थिएटरमध्ये गेले तेव्हा छातीत धडधडत होतं. मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘काकू ऐकताहेत असं समजूनच सगळ्यांनी बोलायचं बरं का.’’ मग माझ्याकडे वाकून म्हणाल्या, ‘‘मी इथेच आहे. संपेपर्यंत इथून उठणार नाही.’’

मला शेवटचं आठवतं ते हे वाक्य.

शुद्धीवर आल्यावर संध्याकाळी त्या आल्या आणि त्यांनी पाच साधे प्रश्न विचारले. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं काय? या दोन्हींच्या मधलं काही? काही स्वप्न पडलं? सगळ्यात त्रासाचं काय वाटलं? १९७० साली ब्राइस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रश्न तयार केले. दोन मिनिटांचं काम. मधलं मला काही आठवत नव्हतं. त्रासाचं म्हणाल तर घसा खवखवत होता, आणि चहा मिळाला नव्हता! मॅडम हसल्या. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर टाके दाखवायला गेले तेव्हाही त्यांनी हेच प्रश्न विचारले. कधी कधी आठवण उशिरा वर येते म्हणून.

तर मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच. ऑपरेशन ठरलं की सर्जनइतकंच भूलतज्ज्ञांनाही भेटा. मागच्या भुलीत काही ऐकलं, जाणवलं असेल तर लाजू नका, सांगा. झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या रोजच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्याचा भुलीवर परिणाम होतो. ऑपरेशननंतर कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा. त्यातून भीती बसली असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. २०१४ च्या त्या अहवालात अशा प्रसंगातून गेलेल्या दहापैकी चौघांना पुढे बराच काळ मानसिक त्रास झाल्याची नोंद आहे. दुखण्यापेक्षाही, हलता येत नव्हतं या भीतीचा.

आणि घरातल्या कुणी, सुनेनं म्हणा, लेकीनं म्हणा, आईनं म्हणा, ‘मला भुलीत ऐकू आलं’ असं सांगितलं, तर हसू नका. ‘भास झाला असेल’ म्हणू नका. आधी विचारा, ‘काय ऐकलंस?’

परवा धाकटीनं मला तेच विचारलं. फिटनेसच्या दिवशी तिनं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. जरा भीतभीतच. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे आई, मी झाले हे आजीच्याही आधी तुला कळलं होतं. भुलीत असून!’’

तेहतीस वर्षं मी त्या वाक्याकडे या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं.